पावसात ऐकू जाईल अशी घंटा

(रत्नागिरी तालुक्यातल्या बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे. संबंधित बाईच्या सुरक्षिततेसाठी वाडीचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)



पहिल्या ओळीपासून एक डबी फिरवते आहे. डबी पेढ्यांची आहे, पण आत पेढे नाहीत हे आधीच सांगून टाकते, नाहीतर ती मागच्या ओळीत पोचेपर्यंत माझ्यावर राग निघायचा. आत प्लास्टिकचे छोटे तुकडे आहेत, चिंचोक्याएवढे. एकेक हातात घ्या आणि उजेडाकडे धरून बघा. खालचा भाग आरपार दिसतो, वर एक रंगीत बटण आहे, बाजूला दोन भोकं आहेत. आत चिकट जेली दिसेल. बटण दाबू नका. एकदा दाबलं की तो तुकडा संपला, पुन्हा कामाला येत नाही.

मला आमंत्रण आलं तेव्हा विषय दिला होता 'महिला सक्षमीकरण'. गेल्या पंचवीस वर्षांत या विषयावर मी इतक्या वेळा बोलले आहे की आता माझं मलाच ऐकवत नाही. म्हणून मी उलट निरोप पाठवला की या खेपेला मी वायर कशी जोडायची त्यावर बोलेन. संयोजक ताई फोनवर थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "चालेल, पण त्याचा आपल्याशी संबंध काय ते सांगा." तर तेच सांगते.

मी वायरमन नाही. आमच्या केंद्रात मी सल्लागार म्हणून बसते, मारहाणीच्या, हुंड्याच्या, सोडून दिल्याच्या केसेस बघते. वायर जोडायला मी वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी शिकले, ती एका बाईसाठी.

ही बाई आमच्याकडे आली तेव्हा तिचं लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती. नवरा मुंबईला होता, काम सुटलं म्हणून गावी आला आणि राहिला. आपल्या जिल्ह्यात हे काही नवं नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, महाराष्ट्रात सर्वांत जास्त. बाहेरचे लोक हा आकडा ऐकून म्हणतात, वा, तुमच्याकडे मुलींची कदर आहे. आपल्याला खरं ठाऊक आहे. पुरुष मुंबईला, म्हणून गावात बायका जास्त. घर, गुरं, शेत, म्हातारी माणसं सगळं बाई बघते, आणि तो परत आला की घराचा धनी तो. तिने आठ वर्षं एकटीने चालवलेलं घर एका दिवसात त्याचं झालं. मग दारू, मग मारहाण.

तिचा फोन त्याने दोनदा फोडला. ११२ आणि १८१ हे नंबर आम्ही तिला पाठ करून दिले होते, पण फोनच नसेल तर नंबर काय करायचा? आणि फोन असला तरी पावसाळ्यात टॉवर चालू असेल याचा भरवसा नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर दापोली-मंडणगडात कितीतरी गावं अनेक दिवस विजेवाचून आणि फोनवाचून होती, हे तुमच्यापैकी पुष्कळजणींनी भोगलं आहे.

मी तिला म्हटलं, ओरड. शेजार आहे ना? ती हसली. म्हणाली, "ताई, पत्र्यावर पाऊस पडतो तेव्हा माझं मलाच ऐकू येत नाही."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत. जुनी कौलं गेली, घरावर पत्रे आले. पुण्या-मुंबईच्या शिबिरांतून आम्ही शिकून आलो की शेजाऱ्यांनी हस्तक्षेप करावा. २००८ मध्ये 'बेल बजाओ' नावाची मोहीम निघाली होती, बोमन इराणी जाहिरातीत होते. शेजारच्या घरात मारहाण ऐकू आली तर जाऊन बेल वाजवा, एवढंच सांगणं. चांगलीच मोहीम होती. पण ती भिंतीला भिंत लागलेल्या घरांची होती. आमच्या वाडीत दोन घरांमध्ये आंब्याची कलमं, गडगा आणि व्हाळ. ऐकू आलं तर जातील ना.

तिच्या घरापासून चाळीस मीटरवर एक काकी राहतात. विधवा, एकट्या, खमक्या. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे एक घंटा लावा आणि बटण तिच्याकडे द्या. तिने दाबलं की मी बघते." म्हणजे कल्पना काकींची. मी फक्त म्हटलं, बघू या.

आता इथे एक शब्द सोडवून घेते. 'लो व्होल्टेज' म्हटलं की आपल्याला काय आठवतं? संध्याकाळी बल्ब पिवळा पडतो, पंखा कण्हतो, ते लो व्होल्टेज. सरकारी कागदावर आणखी तिसरंच. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत २५० व्होल्टपर्यंतचा दाब 'लो' म्हटला होता. म्हणजे माणूस मारणारी आपल्या घरातली २३० व्होल्टची लाइनही कागदावर लोच! मी आज ज्याच्याबद्दल बोलते आहे तो कमी दाब म्हणजे बॅटरीचा, बारा व्होल्टचा. सौर दिव्याची वायर, घंटेची वायर. कोरड्या हाताने धरली तर झटका बसत नाही. तुमच्या हातात डबी आहे तिचा उपयोग फक्त याच कामाला. २३० च्या बोर्डाला त्यातला एकही तुकडा लावायचा नाही. त्याच जुन्या नियमांत बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी कामं सोडून घरातलं वायरिंग परवानाधारकाकडूनच करून घ्यावं असं होतं. पुढे नियम बदलले, तरी गाभा तोच राहिला आहे. आणि तो बरोबर आहे. बाईला सगळं आलं पाहिजे असं मी म्हणते, पण बाईने विजेच्या धक्क्याने मरून दाखवावं असं मी म्हणत नाही.

पण गंमत बघा. ज्याला परवाना लागत नाही, झटका बसत नाही, ते कामसुद्धा आपण 'कोणीतरी येईल' म्हणून ठेवून देतो. मी बाजारात वायर आणायला गेले तेव्हा दुकानदार भला माणूस होता, पण त्याने पहिला प्रश्न विचारला, "लावणार कोण?" मी म्हटलं, मी. तो म्हणाला, "तसं नव्हे, काम करणार कोण?"

मांडणी साधी आहे. बॅटरी आणि बझर काकींच्या घरात. तिथून दोन तारा तिच्या घरी, आणि तिकडे फक्त एक बटण. बटण दाबलं की वर्तुळ पुरं होतं, काकींकडे बझर वाजतो. तिच्याकडे आवाज नाही, दिवा नाही, काही नाही. बटण चुलीमागच्या फळीखाली लावलं. बझर जेमतेम तीस-चाळीस मिलिअँपिअर ओढतो, त्यामुळे टेलिफोनची बारीक वायर पुरते. हिशोब करून दाखवते, घाबरू नका, बचत गटाच्या व्याजापेक्षा सोपा आहे. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे साधारण ०.०९ ओहम अडथळा असतो. जायचे चाळीस मीटर, यायचे चाळीस, एकूण ऐंशी. म्हणजे सात ओहम. तीस मिलिअँपिअरला त्यात दाब घटतो ०.२ व्होल्ट. बारातून इतकुसा गेला तर बझरला कळतही नाही. पण याच वायरीवर नऊ वॉटचा सौर दिवा लावा. तो पाऊण अँपिअर ओढणार, तर बारातले पाचाहून जास्त व्होल्ट वाटेतच खलास, दिवा पेटणार नाही. मग आपण म्हणतो पॅनेल खराब, कंपनी चोर. वायर बारीक आहे हे कोणी बघत नाही. ज्यांच्याकडे वादळानंतर सौर दिवे आले आणि पडवीतला दिवा मंद लागतो, त्यांनी घरी जाऊन आधी वायरीची जाडी बघा.

तर वायर आणली. गुंडाळी अखंड नव्हती, तुकडे होते, त्यामुळे वाटेत तीन ठिकाणी जोड आले. जोड मी केले. जसे आपण सगळीकडे बघतो तसे. ब्लेडने प्लास्टिक सोललं, तारा एकमेकींना पिळल्या, वर काळी टेप गुंडाळली. मे महिन्यात घंटा खणखणीत वाजली. आम्ही चहा प्यायलो. मला फार अभिमान वाटला होता, तो इथे कबूल करते.

जुलैत एका रात्री तिने बटण दाबलं आणि घंटा वाजली नाही.

तिने किती वेळा दाबलं ते तिने मला सांगितलं आहे. ते मी इथे सांगत नाही. सकाळी काकी दूध द्यायला गेल्या तेव्हा त्यांना कळलं. तिचा डावा हात मोडला होता. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. केंद्रातल्या मैत्रिणींनीही दिला नाही. पण मी शोधून काढल्याशिवाय राहणार नव्हते. जोड उघडला तेव्हा टेपच्या आत पाणी होतं आणि तांबं हिरवं पडलं होतं. तीनपैकी एका ठिकाणी तार सरळ तुटलेली.

मग मी गेले आमच्या ओळखीच्या एका काकांकडे. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, आयुष्य खांबावर गेलेलं. मी जोड त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "बाय, तू ब्लेडने तांब्याला खाच पाडलीस." एकेरी तार असते ना, तिला जरा जरी खाच पडली की वाऱ्याने हलता हलता नेमकी तिथेच तुटते. हे पहिलं. दुसरं असं की टेप पाणी थांबवत नाही, आत धरून ठेवते. आणि तिसरं मला अजिबात ठाऊक नव्हतं. बॅटरी चोवीस तास जोडलेली, म्हणजे दोन तारांमध्ये सतत बारा व्होल्ट. त्यात ओल आणि समुद्राची खारी हवा. अशा वेळी धन बाजूची तार पाण्यात विरघळत जाते, मुलामा देण्याच्या कारखान्यात होतं तसंच. म्हणजे घंटा वापरात नसतानासुद्धा माझा जोड रोज थोडा थोडा खाल्ला जात होता.

मग त्यांनी एका जुन्या डब्यातून हे तुकडे काढले. टेलिफोनवाले त्यांना नुसतं जेली कनेक्टर म्हणतात. हजारो जोड खड्ड्यात, चिखलात, पावसात याच तुकड्यांवर चालायचे.

आता हातातला तुकडा पुन्हा बघा. आरपार भागातून आत पत्र्याची बारीक पट्टी दिसेल, तिला चिमट्यासारखी फट आहे. तार सोलायची नाही. दोन्ही टोकं, प्लास्टिकसकट, दोन भोकांतून आत घालायची, अगदी शेवटच्या भिंतीला टेकेपर्यंत. टेकली की नाही ते खालून दिसतं, म्हणून तर तो भाग पारदर्शक केला आहे. मग पकडीने बटण सरळ दाबायचं, तिरपं नाही. फट तारेवर बसते, प्लास्टिक कापते आणि तांब्याला दोन्ही बाजूंनी आवळून धरते. इतकं घट्ट, की त्या ठिकाणी हवा शिरत नाही, म्हणून तिथे तांबं हिरवं पडत नाही. त्याच वेळी जेली दाबली जाऊन सगळीकडे भरते आणि पाण्याला जागा उरत नाही. मग प्रत्येक तार हलकेच ओढून बघायची. निघाली तर तुकडा फेका, नवा घ्या. चहाच्या कपापेक्षा स्वस्त आहे, त्यात कंजूषी नको. दोन तारा आहेत म्हणून प्रत्येक जोडाच्या जागी दोन तुकडे लागतात. जोडावर ओढ येता कामा नये, दोन्हीकडे वायर थोडी सैल ठेवून खिळ्याला बांधायची. आणि घरात शिरण्याआधी वायरीला खाली झोल द्यायचा, म्हणजे पाणी झोलावरून टपकतं, भिंतीत जात नाही.

याच्या मर्यादाही सांगते, कारण दुकानदार सांगत नाही. हा तुकडा एकेरी, बारीक तांब्याच्या तारेसाठी आहे. सौर दिव्याला आपण वापरतो ती वायर बहुधा अनेक केसांसारख्या तारांची असते, ती यात नीट धरली जात नाही. तिच्यासाठी लिव्हरचे कनेक्टर मिळतात. टोक सोलायचं, लिव्हर उचलायची, टोक आत घालायचं, लिव्हर पाडायची. सुटे करून पुन्हा वापरता येतात. घरात कोरड्या जागी मला तेच आवडतात. मात्र त्यांच्यात जेली नसते, बाहेर पावसात उघडे लावू नका. तिसरे गाडीच्या वायरिंगवाले वापरतात ते, चालू वायरीला मधूनच फाटा काढायचे, घडी घालून टक्कन बंद होणारे. लाल बारीक वायरीला, निळा मध्यम, पिवळा जाड. रंग बघून घेऊ नका, पाकिटावरचा आकडा वायरीच्या आकड्याशी जुळवा. जाड वायर बारीक कनेक्टरमध्ये कोंबली तर आतल्या अर्ध्या तारा कापल्या जातात आणि जोड तापतो.

तापण्यावरून आठवलं. बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून मी त्या बॅटरीला शेळी समजत होते. एकदा तिच्या दोन टोकांजवळ हात नेला आणि माझी धातूची बांगडी दोन्हीकडे टेकली. क्षणभरच. ही खूण बघा, अजून आहे. बझरला हवी असते इवलीशी वीज, पण बॅटरीला आडवा धातू मिळाला की ती शेकडा अँपिअरच्या हिशोबात ओतते. बांगडी सोन्याची असो की एक ग्रॅमची, तिला फरक नाही. म्हणून काम करताना बांगड्या काढायच्या, मंगळसूत्र पोलक्यात खोचायचं. आणि बॅटरीच्या धन टोकाला अगदी लागून एक अँपिअरचा फ्यूज लावायचाच. धन टोकाची तार थेट ऋण टोकाला लागली तर फ्यूज जातो, काकींचं घर जात नाही.

काकांकडे मी बरेच दिवस शिकायला जात होते. तिथे मला कळलं की आयटीआयत शिकवतात त्या जोडांना नावं असतात. ब्रिटानिया जोड, वेस्टर्न युनियन जोड, आणि एक 'मॅरिड' जोड! दोन वायरींच्या सगळ्या तारा मोकळ्या करून एकमेकींत घुसवायच्या आणि एकीभोवती दुसरी गुंडाळायची. काका सांगताना लाजले. मी म्हटलं, काका, हा जोड सुटा करायचा असेल तर? ते म्हणाले, सुटा होत नाही, कापावा लागतो. आमच्या केंद्रात हे सांगितलं तेव्हा वकील मैत्रीण इतकी हसली की विचारू नका. पिनेला मेल म्हणतात आणि सॉकेटला फीमेल, हे तर तुम्हाला ठाऊकच असेल. वायरमन, लाइनमन. महावितरणने लाइनमनला आता जनमित्र म्हटलं आहे, ते बरं केलं. खांबावर चढणाऱ्या बायका आता त्यांच्याकडे आहेत.

आणि वीज म्हणजे बायकांना नवी गोष्ट आहे असं आपल्या जिल्ह्यात तरी कोणी म्हणू नये. चिपळूण तालुक्यात पोफळीला कोयनेची वीज होते. दाभोळला एन्‍रॉनचा प्रकल्प आला तेव्हा विरोध करणाऱ्यांत वेलदूरच्या कोळणी पुढे होत्या. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलीस त्यांच्या घरांत शिरले, बायकांना मारहाण झाली, अटक झाली. ॲम्नेस्टी आणि ह्यूमन राइट्स वॉचच्या अहवालांत ते नोंदलेलं आहे. पुढे २३ वर्षांनी त्याच तारखेला निसर्ग वादळ आलं, हा नुसता योगायोग, पण मला ती तारीख आली की दोन्ही आठवतं.

पुन्हा आपल्या घंटेकडे येते. ऑगस्टमध्ये आम्ही सगळे जोड नव्याने केले. मी नाही, तिने केले. डाव्या हाताला प्लास्टर होतं. वायर काकींनी धरली, पकड तिने दाबली. मी फक्त शिडी धरली.

गणपतीनंतर त्याला वायर सापडली. कशाची ते त्याला कळलं नाही, पण बायकोने न विचारता लावली आहे एवढं पुरे होतं. कोयत्याने तोडली आणि झोपला. तिने रात्री दोनच्या सुमारास बाहेर जाऊन, टॉर्च तोंडात धरून, ती जोडली. सोलायचं नाही, चाकू लागत नाही, टेप शोधायची नाही. दोन तुकडे आणि पकड. ती म्हणाली, "गडग्यावर बसून जोडली ताई, भाजी निवडायलाही याहून जास्त वेळ लागतो." मग बटण एकदा हलकेच दाबून बघितलं. काकींनी खिडकीतून टॉर्च दोनदा दाखवला. तोच आमचा ठरलेला उलट निरोप.

यानंतर आमच्या केंद्रात वाद झाला, तो तुमच्यापासून लपवत नाही. एका मैत्रिणीचं म्हणणं असं की आपण हे काय करतो आहोत? मारणारा मोकळा, आणि मार खाणाऱ्या बाईनेच वायर जोडायची, बॅटरी चार्ज करायची? २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००६ च्या ऑक्टोबरपासून लागू आहे. तिला त्याच घरात राहण्याचा हक्क त्यात आहे. संरक्षण अधिकारी आहेत, पोलीस आहेत. घंटा लावून आपण त्यांना सुटका तर देत नाही ना? दुसरी म्हणाली, घंटा वाजल्यावर काकी गेल्या आणि त्याने त्यांच्यावरच हात टाकला तर?

दोन्ही प्रश्न खरे आहेत. दुसऱ्याचं उत्तर आम्ही असं काढलं की घंटा वाजली की काकींनी एकटीने जायचं नाही. आधी दोन घरी हाक, मग चारजणींनी मिळून जायचं, अंगणात उभं राहायचं, दारात चढायचं नाही, आणि तिचं नाव घेऊन विरजण मागायचं. रात्री अकराला विरजण! त्याला कळतं, आणि आपल्यालाही कळतं. त्यातली एकजण मागे थांबून ११२ लावते. हे आतापर्यंत तीनदा झालं आहे. १९७२ साली महागाईविरुद्ध मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, थाळ्या वाजवल्या, मृणालताई गोरे पुढे होत्या. थाळी आम्हालाही चालली असती. पण थाळी पावसात चाळीस मीटर पोचत नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे पुरतं नाही. आम्ही अर्ज केला, संरक्षणाचा आदेशही मिळाला. त्याला अनेक महिने लागले. त्या महिन्यांतल्या रात्री तिने कशा काढायच्या होत्या, याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात मला सापडलेलं नाही. आणि एक गोष्ट त्या अर्जात आम्ही मुद्दाम लिहिली. तो रागावला की मेन स्विच पाडून फ्यूज खिशात घालून झोपायचा, सगळं घर अंधारात. आधी कोणाला ती तक्रार वाटलीच नव्हती, तिलासुद्धा नाही. पण बाई जी साधनं, ज्या सोयी वापरायला हक्कदार आहे त्या तिला वापरू न देणं हा त्या कायद्यात आर्थिक अत्याचार आहे. तुमच्याकडे अशी केस आली तर विचारत जा, घरातला दिवा कोणाच्या हातात आहे?

कोणीतरी मघाशी चिठ्ठी पाठवली आहे की तार तोडली तर आपोआप घंटा वाजेल असं करता येत नाही का. येतं. बँकांत तसंच असतं. वर्तुळ कायम बंद ठेवायचं आणि ते तुटलं की रिले सुटून भोंगा वाजतो. आम्ही विचार केला होता. पण मग रिलेला रात्रंदिवस वीज लागते. सात अँपिअर-तासाची बॅटरी नऊ-दहा दिवसांत उतरणार, आणि आठवडाभर वीज नसणं आपल्याकडे नवलाचं नाही. शिवाय झावळी पडून वायर तुटली तरी वाडी जागी होणार. असं दोनदा झालं की तिसऱ्या वेळी कोणी उठत नाही. म्हणून आम्ही सोपी रीत ठेवली. रोज दिवेलागणीला ती बटण एकदा दाबते, काकी टॉर्च दोनदा दाखवतात. टॉर्च दिसला नाही तर वायर बघायची. घंटा वाजली नाही तर काकी काहीतरी निमित्त काढून तिच्याकडे जातात. जुलैतल्या त्या रात्रीनंतर एकही संध्याकाळ चुकलेली नाही.

ती आज इथे नाही. नवरा पुन्हा मुंबईला आहे, गणपतीला आणि शिमग्याला येतो. ती त्याच घरात राहते, आणि तो कायमचा सुधारला असं मी म्हणणार नाही, तीही म्हणत नाही. वाडीतले नऊ सौर दिवे तिने दुरुस्त केले आहेत. पहिल्यांदा पैसे घेतले नाहीत म्हणून मी तिला रागावले. आता घेते.

बरं, माझं बोलणं इथे संपलं. आता सहा-सहाजणींचे गट करून बसा. पकडी सातच आहेत, आलटून पालटून घ्या. वायरीचे तुकडे त्या टोपलीत आहेत, बॅटरी मधल्या टेबलावर आहे, तिच्याजवळ माझ्याशिवाय कोणी जाऊ नये. बांगड्या काढून पदराच्या टोकाला बांधा. आणि ज्यांनी डबीतला एखादा तुकडा माझं न ऐकता दाबून टाकला असेल, त्यांनी तो मुकाट्याने परत आणून द्या. मोजून आणले आहेत.